बेणणी कोणाची, बियाणे कोणाचे?

गेल्या श्रावणात आंजर्ल्यातल्या एका बागायतदाराच्या ओटीवर एका अर्जावर सही घ्यायला बसले होते. (माझ्या आजीला त्या घराचे अंगण माहीत होते, ओटी माहीत नव्हती. पण तो विषय वेगळा.) सही झाली, चहा झाला, बोलणे पावसावरून शेतीवर आले. गृहस्थ म्हणाले, "बेणणीला बायका मिळत नाहीत हो हल्ली. आता तणनाशक मारलं तरी मरत नाही असं भात निघालंय म्हणे. ते एकदा इकडे आलं की सुटलो."

बोलण्यात द्वेष नव्हता. माणूस खरोखर वैतागलेला होता. पण घरी येईपर्यंत ती दोन वाक्ये डोक्यात फिरत राहिली. "बायका मिळत नाहीत" या वाक्याला कोकणात शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे. "तणनाशकाने न मरणारे पीक" याला पन्नासेक वर्षांचा. शेतीवर लिहिणारे दुसऱ्यावर लिहितात आणि आपल्या चळवळीतले लोक पहिल्यावर. दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय हा प्रश्न समजत नाही, असे माझे मत आहे.

आधी बेणणी. लावलेल्या भातातले तण उपटून काढणे म्हणजे बेणणी. देशावर तिला भांगलण किंवा खुरपणी म्हणतात, विदर्भात निंदण. प्रदेशागणिक शब्द बदलतो, पण काम करणारा हात बहुतेक सगळीकडे बाईचाच. नांगर पुरुषाचा आणि तण बाईचे, ही वाटणी कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही, तरी कायद्यापेक्षा कडक पाळली जाते. मजुरी ठरतानाही ती पाळली जाते. नांगरणीला कौशल्य म्हणायचे आणि बेणणीला "बायकांचे काम", म्हणजे दर आपोआप खाली.

कोकणातल्या जुन्या भातशेतीत तणाचा बंदोबस्त एका कामात होत नसे. उन्हाळ्यात पालापाचोळा, डहाळ्या, शेण पसरून राब भाजायचा. त्यात रोपांच्या जागेतले तणाचे बी जळते. मग चिखलणी, त्यात उगवलेले तण गाडले जाते. मग लावणी आणि खाचरात उभे पाणी, त्यात बरेचसे तण उगवतच नाही. एवढे करून जे उरते ते हाताने काढायचे. पाठीवर इरले, पाय पोटरीभर चिखलात, कंबर दिवसभर वाकलेली. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात आणि गौरीगणपतीपर्यंत बऱ्या होत नाहीत. माझ्या आईच्या पायांवर मी त्या पाहिल्या आहेत. त्यामुळे बेणणीची गोड आठवण वगैरे कोणी लिहिली की मी पान उलटते.

आता हे काम कोणाच्या शेतात आधी व्हायचे, हा खरा प्रश्न होता. रत्नागिरी जिल्ह्यात खोती होती. खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्या मधला वसुलीदार, प्रत्यक्षात गावाचा मालक. अर्धेलीने जमीन कसणाऱ्याने निम्मे पीक खोताला द्यायचे, शिवाय वेठ वेगळी. वेठ म्हणजे खोताच्या शेतावर फुकट राबणे. शेतीतली काही कामे चार दिवस पुढे ढकलता येतात, बेणणी येत नाही. तण कोणासाठी थांबत नाही. ज्या आठवड्यात खोताच्या खाचरात तण वाढते त्याच आठवड्यात कुळाच्या खाचरातही वाढते. खोताचे शेत आधी बेणायचे म्हटल्यावर आपले मागे पडते, पीक घटते, आणि घटलेल्या पिकातूनही हिस्सा जातोच. खोतीतले कर्ज आणि भूक यांचा हिशेब करताना वसुलीचे आकडे मोजले जातात. हे गेलेले दिवस कोणी मोजत नाही.

यातून सुटण्याची पहिली वाट गावाबाहेर जाणारी होती. दापोलीच्या कॅम्पात महार पेन्शनरांची वस्ती होती. गोपाळबाबा वलंगकर तिथलेच. सैन्यभरती बंद झाली तेव्हा १८९४ मध्ये त्यांनी सरकारकडे अर्ज केला, कारण सैन्यातली नोकरी म्हणजे वेठीतून सुटका हे त्यांना स्वतःच्या आयुष्यातून कळलेले होते. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी निवृत्तीनंतर काही काळ दापोलीतच राहिले. त्यांचे मूळ गाव आंबडवे शेजारच्या मंडणगड तालुक्यातले. सैन्यानंतर मुंबईच्या गिरण्या, गोदी, रेल्वे.

दुसरी वाट लढ्याची. एप्रिल १९२९ मध्ये चिपळूणच्या परिषदेत बाबासाहेब खोतीविरुद्ध उभे राहिले. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला. त्यात महार होते, कुणबी होते आणि स्वतंत्र मजूर पक्षाचा झेंडा लाल होता, हे आज दोन्ही बाजूंना आठवायला नको असते. विधेयक काँग्रेसच्या राजवटीत मंजूर झाले नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या कायद्याने.

म्हणून "बायका मिळत नाहीत" हे वाक्य मी तक्रार म्हणून ऐकत नाही. बायका मिळत नाहीत, कारण त्यांची मुले मुंबईला गेली, मुली दापोलीला शिकल्या, काही जणी स्वतःचेच खाचर बेणतात, आणि उरलेल्या म्हणतात, या दरात येणार नाही. "मजूर मिळत नाही" याचा पूर्ण अर्थ "मला हवा त्या दरात, हवा त्या वेळी, मान खाली घालून येणारा मजूर मिळत नाही" असा होतो. हे आपल्या चळवळीचे यश आहे. ते अपुरे आहे, कारण आंब्याच्या बागांत त्या जागी आता नेपाळहून आलेला मजूर वाकतो. तरीही यश आहे.

आता दुसऱ्या वाक्याचा इतिहास. रसायनाने तण मारण्याचे आधुनिक युग दुसऱ्या महायुद्धानंतर टू-फोर-डी बाजारात आले तेव्हा सुरू झाले. हे औषध रुंद पानांचे तण मारते, गवतवर्गातले पीक सोडते. १९७० मध्ये मोन्सँटो कंपनीतल्या जॉन फ्रान्झ यांना ग्लायफोसेटचा तणनाशक गुण सापडला आणि १९७४ मध्ये ते राउंडअप या नावाने विक्रीला आले. वनस्पतीला काही अमिनो आम्ले तयार करायला एक विकर लागते. ग्लायफोसेट ते विकर बंद पाडते आणि झाड उपासमारीने वाळते. ते तण आणि पीक असा भेद करत नाही, दोन्ही मारते. म्हणजे पीक उभे असताना ते सरसकट फवारता येत नाही.

मग कंपनीने उलटा विचार केला. औषध निवडक होत नसेल तर पीकच बदलू. ग्लायफोसेटला दाद न देणारा जिवाणू शोधता शोधता सापडला तो लुइझियानातल्या कंपनीच्याच कारखान्याच्या सांडपाण्यात. त्याचे जनुक पिकात घातले. १९९६ मध्ये अमेरिकेत असे सोयाबीन आले, १९९७ मध्ये कापूस. त्या पहिल्या कापसावर रोप चार पानांचे होईपर्यंतच वरून फवारणी चालत असे. २००६ मध्ये सुधारित वाण आले, त्यावर जवळजवळ वेचणीपर्यंत कधीही फवारा. त्याचे नाव राउंडअप रेडी फ्लेक्स. आपल्याकडे फ्लेक्स म्हणजे चौकातला वाढदिवसाचा बोर्ड. तिकडे फ्लेक्स म्हणजे लवचिकता: तण काढायची वेळ शेतकऱ्याने आपल्या सोयीने ठरवावी.

सोय खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण आधी सांगितलेली बेणणी आठवा. तण थांबत नाही, म्हणून ज्या आठवड्यात ते वाढते त्या आठवड्यात मजूर बाईच्या शब्दाला किंमत असते. वर्षात तेवढेच काही दिवस ती दर वाढवून मागू शकते. मालकाला वेळेची लवचिकता मिळाली की तिचे ते दिवस जातात. बियाण्याच्या पाकिटावर हे लिहिलेले नसते.

असे आधी घडले आहे का? घडले आहे, आणि ज्यांच्या बाबतीत घडले त्यांच्याशी आपले जुने नाते आहे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिले होते, पँथरने नाव घेतले तेही तिकडूनच. मिसिसिपी डेल्टात कापसाची विरळणी आणि खुरपणी काळे मजूर लांब दांड्याच्या कुदळीने करत. १९६५ मध्ये दिवसाला तीन डॉलर मजुरी होती. त्या वर्षी शॉ या गावातून मिसिसिपी फ्रीडम लेबर युनियन उभी राहिली. मागणी होती तासाला सव्वा डॉलर. संप झाला, लोकांना मळ्यांवरच्या घरांतून बाहेर काढले गेले. फेब्रुवारी १९६७ पासून किमान वेतनाचा कायदा मोठ्या शेतांवरच्या मजुरांना लागू झाला: तासाला एक डॉलर. मळेवाल्यांनी काय केले? वेचणी यंत्रावर गेलीच होती, आता खुरपणी तणनाशकावर गेली. त्याच एप्रिलमध्ये रॉबर्ट केनेडी डेल्टात आले तेव्हा त्यांना उपाशी मुले दिसली. तणनाशक सहन करणारे बियाणे तेव्हा जन्मालाही आले नव्हते, साधे तणनाशक पुरले. कायद्याने मजुरी वाढवली आणि बाटलीने मजूरच काढून टाकला. मतदानाचा हक्क मिळालेल्या माणसांच्या हातात जमीन मात्र नव्हती.

पुढची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. एकच औषध वर्षानुवर्षे मारल्यावर त्याला न मरणारे तण निवडले जाते. जॉर्जियात २००५ च्या सुमारास पामर अमरॅन्थ हे तण ग्लायफोसेटला पुरून उरले. आपल्या माठ-राजगिऱ्याच्या कुळातले ते. कापूस उत्पादकांना पुन्हा माणसे लावून हाताने तण काढून घ्यावे लागले. कुदळ परत आली. गावे सोडून गेलेली माणसे मात्र परत आली नाहीत.

महाराष्ट्रात हा विषय कापसातून आला. बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली, पण त्याआधीच २००१ मध्ये गुजरातेत नवभारत १५१ हे विनापरवाना बीटी वाण शेतात सापडले होते. आधी शेत, मग परवानगी, हा धडा सगळ्यांनी घेतला. बीटीसोबत तणनाशक सहन करणाऱ्या फ्लेक्स कापसाचा अर्ज महिकोने २०१६ मध्ये मागे घेतला, कारण तंत्रज्ञानाच्या मालकीवरून सरकारशी वाद होता. अर्ज मागे गेला, बियाणे नाही. एचटीबीटी या नावाने ते विदर्भात बिलाशिवाय, पावतीशिवाय विकले जाऊ लागले.

१० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यात अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीर इथे शेतकरी संघटनेने ते बियाणे जाहीरपणे पेरले. अध्यक्ष अनिल घनवट होते. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकत होता, तरी शेकडो शेतकरी जमले. गुन्हे दाखल झाले. सविनय कायदेभंग असे त्याला म्हटले गेले. संघटनेचे म्हणणे मी टाळण्यासारखे मानत नाही. निंदणाचा खर्च परवडत नाही, जगातला शेतकरी जे वापरतो ते आम्हाला का नाही, तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य द्या. दोन-अडीच एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याला, ज्यात आपले बौद्ध शेतकरीही आले, हा खर्च खरोखर जड जातो. अशा घरातली बाई आधी दुसऱ्याचे निंदते आणि रविवारी स्वतःचे.

पण त्या दिवसांतल्या ज्या बातम्या आणि भाषणे मी वाचली, त्यांत निंदणारी बाई कुठे आहे? "खर्च" या शब्दात आहे. शेतकऱ्याचा जो खर्च वाचतो ती तिची मजुरी असते, आणि हे वाक्य त्या बाजूने कोणी उच्चारले नाही. विरोध करणाऱ्यांनीही नाही. ते जमिनीबद्दल, फुलपाखरांबद्दल, देशी वाणांबद्दल बोलले. महत्त्वाचेच आहे ते. पण त्यातल्या अनेकांच्या बोलण्यात खुरपे हातात घेतलेली बाई म्हणजे निसर्गाशी एकरूप झालेली कोणी देवता असते. तिला कंबर नसते.

इथे आंबेडकरी माणसाची पंचाईत होते, आणि म्हणूनच बाबासाहेबांकडे नीट पाहावे लागते. यंत्र नको, चरखा बरा, या विचाराला त्यांनी १९४५ च्या काँग्रेस आणि गांधींवरील ग्रंथात सरळ विरोध केला. त्यांचा मुद्दा असा की माणसाला जनावरासारखे राबण्यातून सोडवून फुरसत देणारे यंत्रच आहे, दोष यंत्राचा नसून त्याचा फायदा मूठभरांकडे नेणाऱ्या समाजरचनेचा आहे. महात्मा फुल्यांनाही शेतकऱ्याच्या मुलांना शेतीचे आधुनिक शिक्षण हवे होते. विज्ञानाला घाबरणे आपली परंपरा नाही. म्हणून बेणणी संपली तर मी रडणार नाही. प्रश्न एवढाच की ती संपल्यावर तिथली बाई कुठे उभी असते.

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातल्या लहान जमीनधारणेवर निबंध लिहिला तेव्हाच सांगितले होते की शेतीवर रिकाम्या हातांचा भार आहे, नुसते तुकडे जोडून तो उतरणार नाही, उद्योग वाढले पाहिजेत. आणि १९४७ च्या राज्ये आणि अल्पसंख्याक या मसुद्यात त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग करून जमीन जातीचा भेद न करता गावकऱ्यांना सामुदायिक कसायला द्यावी असे मांडले. मालक नाही, कूळ नाही, भूमिहीन मजूर नाही. अशा शेतावर तणनाशक सहन करणारे बियाणे आले तर वाचलेला दिवस निंदणाऱ्या बाईचाच असेल. सुट्टी घेईल, नाहीतर मुलाचा अभ्यास घेईल. आजच्या शेतावर तोच वाचलेला दिवस तिची बेकारी ठरतो. बियाणे तेच.

बेकारीची भरपाई पंपाने होते असे कोणी म्हणेल. फवारणी बहुधा पुरुष करतो, बाई पाणी वाहते. दहा बायकांच्या दिवसाऐवजी एका पुरुषाचा दिवस. आणि तो दिवस कसा असतो ते २०१७ च्या यवतमाळने दाखवले. त्या पावसाळ्यात फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात वीसच्या आसपास माणसे गेली, शेकडो दवाखान्यात पडली. ती कीटकनाशके होती, तणनाशके नव्हती, हे स्पष्ट सांगते, कारण चुकीचा दाखला देऊन आपली बाजू बळकट होत नाही. मेलेल्यांत दुसऱ्याच्या शेतावर रोजाने फवारणारे होते, एवढे मात्र लक्षात ठेवा. ग्लायफोसेटला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये "बहुधा कर्करोगकारक" गटात टाकले, इतर काही नियामक संस्थांना ते पटलेले नाही. आपल्या केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ते फक्त कीड नियंत्रण व्यावसायिकांमार्फत वापरावे अशी अधिसूचना काढली. आता असा व्यावसायिक अकोट तालुक्यातल्या किती बांधांवर दिसतो ते तुम्हीच सांगा. बियाणे चोरीचे असल्यामुळे विषबाधा झालेल्या मजुराने दाद तरी कोणाकडे मागायची?

ओटीवरच्या गृहस्थांचे भात मात्र वेगळे. २८ सप्टेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांनी जी नवी वाणे देशाला अर्पण केली त्यांत पुसा बासमती १९७९ आणि १९८५ होती. इमॅझेथापायर हे तणनाशक ती सहन करतात. त्यांत परके जनुक नाही, भाताच्याच उत्परिवर्तनातून तो गुण घेतलेला आहे, आणि ती दिल्लीच्या सरकारी संस्थेने काढली आहेत, कंपनीने नाही. ही चांगली गोष्ट आहे. पण ती पंजाब-हरियाणाच्या पेरभातासाठी, पाणी आणि लावणी वाचवण्यासाठी. आमच्या चिखलणीच्या, उभ्या पाण्याच्या खाचरांची गरज निराळी. शिवाय अमेरिकेत आणि इटलीत अशाच प्रकारचे भात आल्यावर तो गुण शेतातल्या रानभातात उतरला आणि तेच तण मारता येईनासे झाले. भाताचा सोयरा भात, त्याला बांध अडवत नाही.

आणि तण म्हणजे काय, हेही कोणी विचारत नाही. बेणताना, बांधावरून परतताना आमच्या बायका टाकळा, कुर्डू ओटीत घालून आणतात. उरलेले गवत म्हशीला. मालकाच्या वहीत जे तण असते ते तिच्या चुलीवर भाजी असते. फवाऱ्यानंतर बांधावरचा टाकळा खावा की नाही, हे सांगायला वाडीत कोणी येत नाही.

बेणणी सोपी करण्याचा तिसरा मार्ग नाही असेही नाही. डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री पद्धत कोकणात येऊन दशके झाली. ठरावीक अंतरावर ओळीत लावणी केली की उभ्याने ढकलायचे हातकोळपे दोन ओळींतून चालते. कंबर वाकत नाही, औषध लागत नाही, बाईचे काम राहते आणि त्याला कौशल्य म्हणावे लागते, म्हणजे दरही मागता येतो. पण कोळपे एकदा विकत घेतले की दहा वर्षे चालते, त्यात दरवर्षी विकण्यासारखे काही नाही. दापोलीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, आंजर्ल्याहून तासाभरावर. भात बेणणाऱ्या बायकांना बसवून, हे कोळपे जड होते का, मूठ उंच पडते का, असे विचारायला तेवढे अंतर फार नाही.

ओटीवरून आल्यावर आठवड्याने बौद्धवाडीत महिलांची बैठक होती. मी हे सगळे थोडक्यात सांगितले. बियाणे, औषध, अमेरिका, अकोला. बायकांनी शांतपणे ऐकून घेतले. शेवटी एक सत्तरीची आजी म्हणाली, "बेणणी गेली तर बरीच झाली गो. पण ती शेतं त्याची, तो काय पण पेरील. आमच्या सातबाऱ्याचं काय झालं, ते तू तलाठ्याकडं विचारणार हुतीस ना?"

तेरा गुंठे आहेत. चार पिढ्या ते तिचेच कुटुंब बेणते आहे, आणि कब्जेदाराच्या रकान्यात अजून दुसऱ्याचेच नाव आहे.